सहा मैफिलींचा पास: ऑक्टोबर ते एप्रिल, वापरानंतरचा अनुभव

पाश्चात्त्य चेंबर म्युझिकच्या मैफिलींचा पास काढला तेव्हा माझा हिशेब सरळ होता. सुटं तिकीट १८ पौंडांचं, सहा कार्यक्रमांचा पास ९० पौंडांचा. पाचांच्या पैशात सहा. त्यातला एक कार्यक्रम मला नकोच होता. तो फुकटचा धरला आणि हवं तर त्या संध्याकाळी घरी बसू, असं ठरवून टाकलं. सात महिन्यांनंतर सांगते, पासाचे सगळे पैसे त्या नको असलेल्या कार्यक्रमानं वसूल केले.

आधी जागा कशी आहे ते सांगते. यॉर्कशरमधल्या आमच्या छोट्या गावात एक जुनं चॅपल आहे. तिथली प्रार्थना कधीच बंद पडली, आता ते कलाकेंद्र आहे. जेमतेम पावणेदोनशे माणसं बसतील. लाकडी जमीन, तीन बाजूंनी लाकडी गॅलरी, उंच छत. खाली खुर्च्या आहेत, गॅलरीत मात्र अजून जुने कडक बाकच. वाद्यांना माइक नाही, स्पीकर नाही. मी पुण्यात वाढले, दर डिसेंबरला सवाईला जाऊन मांडवात मागे सतरंजीवर बसून, पडद्यावर गायकाचा चेहरा बघत ऐकायची मला सवय. त्या ऐकण्याची ओढ वेगळी आणि ती कधी सुटणार नाही. पण वाजवणारा दहा फुटांवर असणं ही चीज निराळीच आहे, हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली.

चेंबर म्युझिक म्हणजे मुळात दिवाणखान्यातलं संगीत. प्रत्येक सुरावटीला एकच वाजवणारा, आणि समोर काठी घेऊन उभा राहणारा कंडक्टर नाही. स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनहून थोडा मोठा, खालच्या सुरांचा), एक चेलो (सगळ्यांत मोठा, उभा धरून वाजवायचा). चौघांनी एकमेकांकडे बघत, एकमेकांच्या श्वासावर सुरुवात करायची. आपल्या बैठकीत तबलजी आणि गायक समेवर येताना जी नजरानजर होते, तशी इथे चौघांत चालते, आणि ती सारखी चालते.

पहिल्या मैफिलीला, ऑक्टोबरात, आई इथे आली होती. तिचं तिकीट वेगळं काढलं. कार्यक्रमात हायडन या रचनाकाराचं क्वार्टेट, ओपस (म्हणजे रचनासंचाचा आकडा) ७६, क्रमांक ३, आणि चेक रचनाकार द्वोर्झाकचं ‘अमेरिकन’ क्वार्टेट. हायडनच्या दुसऱ्या भागात एक संथ चाल आहे. व्हिएन्नातल्या सम्राटासाठी त्यानं १७९७ साली रचलेलं गीत ते. आज जर्मनीचं राष्ट्रगीत त्याच चालीवर आहे. ही चाल आधी पहिलं व्हायोलिन वाजवतं, मग दुसरं, मग चेलो, मग व्हायोला, आणि शेवटी परत पहिल्याकडे येते. चालीत एका सुराचाही बदल नाही. बदलतं ते भोवतालचं सगळं. आई हळूच म्हणाली, “अगं, हा तर लेहरा आहे.” मला हे कधीच सुचलं नसतं. लेहरा, म्हणजे तबलावादनात पेटीवर सारखी वाजत राहणारी चाल, एका जागी ठाम राहतो आणि तबला त्याच्याभोवती फिरतो, तसंच होतं ते. फक्त इथे लेहरा धरायची पाळी प्रत्येकावर येत होती. व्हायोलाची पाळी आली तेव्हा आईनं मान डोलवली. ती सगळ्यांत गप्प बसणारी बाई आता बोलायला लागली, असं तिला वाटलं म्हणे.

द्वोर्झाकनं ‘अमेरिकन’ लिहिलं ते १८९३ च्या जूनमध्ये, अमेरिकेत आयोवा राज्यातल्या स्पिलव्हिल नावाच्या खेड्यात. तिथे त्याच्या देशातून गेलेले बरेच चेक लोक राहत होते. सुरुवातीलाच व्हायोला जी चाल घेतो तिच्यात मध्यम आणि निषाद नाहीतच. पाचच सूर. आई ताठ बसली. मध्यंतरापासून बसमध्ये घरी पोचेपर्यंत एकच विषय: त्याच पाच सुरांचे दोन राग, मग हा भूप की देशकार? “गंधारावर थांबला असता तर भूप म्हटलं असतं,” ती म्हणाली, “पण हा कुठे थांबतच नाही. पाहुणा आहे भुपाचा, राहायला आलेला नाही.” तिनं गेली चाळीस वर्षं पेटी शिकवली आहे. पाश्चात्त्य संगीत ती आयुष्यात पहिल्यांदाच समोर बसून ऐकत होती.

टाळ्यांबद्दल आधीच सांगायला हवं, कारण नव्या माणसाला भीती त्याचीच वाटते. एका रचनेचे तीन-चार भाग असतात आणि मधल्या शांततेत टाळ्या वाजवायच्या नाहीत असा आजचा रिवाज आहे. दाद सगळी शेवटी. आईला हे फार जड गेलं. जागा सुंदर आली की ती माझा हात दाबायची. दुसऱ्या दिवशी मनगट दुखत होतं. हा रिवाज काही अनादी नाही. मोझार्टनं १७७८ साली पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलं, त्यात त्याची सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाची रचना, चालू असतानाच लोकांनी टाळ्या वाजवल्याचं तो आनंदानं सांगतो. मला विचाराल तर एखादा दबका ‘वा’ कुठल्याही संगीताला मारक नाही. पण शांततेचंही एक आहे: संथ भाग संपल्यावर चौघेही गज हवेत धरून थांबतात, आणि सगळं सभागृह त्या गजांवर नजर ठेवून श्वास रोखतं. तीही दादच.

नोव्हेंबरात मोझार्टचं क्लॅरिनेट क्विंटेट होतं, १७८९ सालचं. क्विंटेट म्हणजे पाच वाजवणारे: इथे स्ट्रिंग क्वार्टेट आणि फुंकून वाजवायचं क्लॅरिनेट. क्लॅरिनेटचा खालचा, मधासारखा दाट सूर लाकडी भिंतींना फार मानवतो. त्या महिन्यात आई परत गेली. डिसेंबरात कार्यक्रम नव्हता.

जानेवारीत तो नको असलेला कार्यक्रम आला. हंगेरियन रचनाकार बार्टोकचं चौथं क्वार्टेट, १९२८ सालचं. मी आधी फोनवर दोनदा ऐकलं होतं आणि दोन्ही वेळा पाचव्या मिनिटाला बंद केलं होतं. कोणीतरी कपाटातली भांडी पाडतंय, असं वाटलं होतं. बाहेर बर्फ पडत होतं, घरी वरणभात तयार होता. पैसे दिलेत म्हणून गेले, एवढंच खरं कारण.

दुसऱ्या रांगेत बसले होते. समोर दिसत होतं म्हणून कळलं. कानांना जो नुसता गोंधळ वाटला होता तो डोळ्यांना चौघांतला झेलाझेलीचा खेळ दिसला. एक तुकडा पहिल्या व्हायोलिनवरून सुटला, दुसऱ्यानं उलटा करून झेलला, चेलोनं खाली आपटला. पाच भाग आहेत आणि ते आरशासारखे रचलेत: पहिला आणि पाचवा एकमेकांचे, दुसरा आणि चौथा एकमेकांचे, मधला एकटा. दुसरा भाग तारांचा आवाज दाबून, कुजबुजल्यासारखा वेगात. चौथ्यात गज खाली ठेवले आणि सगळा भाग बोटांनी तारा छेडून वाजवला. काही ठिकाणी तार इतकी ओढतात की ती पट्टीवर फटकन आपटते. तो आवाज फोनमध्ये खट्ट असा येतो. तिथे तो छातीत बसला.

पण मी ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो मधला, तिसरा भाग. तिघे एक सुरांचा पुंजका धरून स्थिर राहतात. आधी अगदी सपाट, मग किंचित थरथरत. आणि त्यावर चेलो एकटा बोलायला लागतो. ताल नाही, घाई नाही. एका सुरावर येतो, थोडा रेंगाळतो, झटकन दोन-तीन सुरांचा गुच्छ टाकतो, परत येतो. तंबोऱ्यावर कोणी आलाप करावा, तसं. बार्टोक तरुणपणी फोनोग्राफ घेऊन गावोगाव हिंडला होता आणि शेतकऱ्यांची गाणी त्यानं मेणाच्या नळकांड्यांवर टिपून घेतली होती. त्या गाण्यांचा श्वास इथे आहे. माझे डोळे भरून आले. घरापासून साडेचार हजार मैलांवर, जे ऐकायचंच नाही असं ठरवलं होतं त्यात, मला घरचं सापडलं होतं. शेवटच्या भागात पहिल्या व्हायोलिनच्या गजाचे तीन केस तुटले. एका विरामात तिनं ते उपटून टाकले आणि पुढच्या सुराला वेळेवर हजर झाली.

सुटी तिकिटं घेतली असती तर हा कार्यक्रम मी कधीही निवडला नसता. आवडीप्रमाणे निवडायचं म्हटलं की आपण काल आवडलेलंच आज परत मागतो. पासानं माझ्या आवडीला विचारलंच नाही.

फेब्रुवारीची मैफल हंगामातली सगळ्यांत जड. आधी एक छोटं हायडन, मग रशियन रचनाकार शोस्टाकोविचचं आठवं क्वार्टेट आणि मध्यंतरानंतर बेथोव्हनचं ओपस १३२. शोस्टाकोविचनं हे १९६० च्या जुलैत तीन दिवसांत लिहिलं, ड्रेस्डेनजवळच्या एका गावी. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांपासून केलेले चार सूर त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत येत राहतात. पाश्चात्त्यांच्या ‘सी’ सुराला षड्ज मानलं तर रे, कोमल ग, सा, नि. घरी जाऊन पेटीवर वाजवून बघा. सोपे आहेत, आणि एकदा बोटांत बसले की क्वार्टेटमध्ये ते जिथे जिथे लपलेत तिथे तिथे ऐकू येतात.

बेथोव्हनचं १८२५ सालचं. तो त्या वर्षी मोठ्या आजारातून उठला होता आणि तिसऱ्या भागाला त्यानं बरं झालेल्याचं ईश्वराला आभारगीत असं नाव दिलं आहे, लिडियन स्वरसप्तकातलं. लिडियन म्हणजे आपला कल्याण थाट, यमनचाच, मध्यम तीव्र. म्हणून यमन ऐकायला मिळेल अशा तयारीनं जाऊ नका; मी गेले आणि पहिली पाच मिनिटं वाया घालवली. इथे षड्ज धरून ठेवणारा तंबोरा नाही, त्यामुळे ‘एफ’ हा सा आहे हे कान विसरतो आणि सारखा ‘सी’कडे ओढला जातो. मग तीव्र मध्यम तीव्र वाटतच नाही, साधा निषाद वाटतो. ही ओढाताण एकदा लक्षात आली की त्या संथ सुरांत एक अधांतरीपण जाणवतं. अंथरुणातून पहिल्यांदा उठून भिंत धरून उभ्या राहिलेल्या माणसाचं. मध्येच नवी ताकद आल्याचा भाग येतो, ठुमकत, आणि परत तो संथपणा. हा एक भाग पाव तासाहून अधिक चालतो. बाबांच्या बायपासनंतरचे दिवस मला आठवले, आणि ते व्हरांड्यात पहिल्यांदा चालले ती सकाळ.

आता तक्रारी. त्या खऱ्या आहेत आणि त्याच संध्याकाळी सगळ्यांत जास्त बोचल्या. हीटिंग चालू ठेवलं की नळ ठकठक वाजतात, म्हणून कार्यक्रमाआधी ते बंद करतात. उत्तरार्धात पाय गारठतात. शोस्टाकोविचच्या अगदी हलक्या सुरांखाली बाहेरच्या बारमधला फ्रीज गुणगुणत होता, माझ्या कानाप्रमाणे चेलोपेक्षा पाव सूर चढा. पासधारकांना जागा आधी निवडता येईल असं सांगितलं होतं, पण तिकिटाच्या संकेतस्थळावर ते दोनदा जमलं नाही, फोन करावा लागला. आणि सुरुवात साडेसातला असल्यामुळे शेवटची बस धावत गाठायची. मी पत्र लिहिलं. मार्चपासून फ्रीज कार्यक्रमापुरता बंद ठेवतात. वेळ अजून साडेसातच आहे. ती सातची करा असं मी परत लिहिणार आहे. बस चुकेल म्हणून शेवटच्या भागात घड्याळाकडे बघणारी माणसं मी पाहिली आहेत.

जागेचं म्हणाल तर दुसऱ्या जागा स्वस्त म्हणून मधल्या रांगा सोडू नका असं सगळे सांगतात. माझं मत वेगळं आहे. पहिल्यांदा येत असाल तर दुसरी-तिसरी रांग घ्या, श्वास आणि खुणा दिसायला हव्यात. व्हायोला उजव्या टोकाला बसला असेल तर त्याच्या वाद्याचं तोंड आत, मागच्या भिंतीकडे होतं आणि तो खालून कमी ऐकू येतो; तेव्हा गॅलरीत बाजूच्या पहिल्या बाकावर बसा. चारही आवाज वरती नीट मिसळून येतात, आणि तिकीटही ४ पौंडांनी स्वस्त. उशी घरून न्या.

मार्चमध्ये पियानो ट्रिओ, म्हणजे पियानो, व्हायोलिन आणि चेलो. पियानोचं झाकण पूर्ण उघडं आणि सभागृह छोटं, बाकीच्या दोघांवर अन्याय झाला. पुढे जाते.

एप्रिलमध्ये शूबर्टचं क्विंटेट, दोन चेलोंचं. १८२८ सालचं हे लिखाण. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला तो गेला, वय ३१. हे पहिल्यांदा जाहीर वाजलं ते १८५० साली. म्हणजे त्यानं ते कधी ऐकलंच नाही. संथ भागात मधले तिघे लांबच लांब सूर धरतात, इतके हळू की ताल मोजणं सोडून द्यावं लागतं. वर पहिलं व्हायोलिन अर्धवट वाक्यं बोलतं, आणि खाली दुसरा चेलो एकेक तार छेडतो. मी ऑक्टोबरात हे ऐकलं असतं तर व्हायोलिनकडेच बघत बसले असते. त्या दिवशी माझी नजर पूर्ण वेळ दुसऱ्या चेलोच्या उजव्या हातावर होती. तो प्रत्येक सुराआधी वरच्या व्हायोलिनकडे बघायचा, मग बोट तारेला लावायचा. सगळ्यांना तोच चालवत होता.

तिकडे महाराष्ट्रात, गोव्यात असाल तर संधी कमी आहेत, पण आहेत. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात छोट्या वाद्यमेळांचे कार्यक्रम होतात. जुन्या गोव्यात टेकडीवरच्या चॅपलमध्ये माँटे संगीत महोत्सव भरतो, तिथे पाश्चात्त्य आणि हिंदुस्थानी दोन्ही ऐकायला मिळतात. माझ्या आईला मी तिथे नेणार आहे.

पुढच्या हंगामाची यादी मे महिन्यात लागली. सहापैकी चार रचनाकारांची नावं मी आधी कधी ऐकलेली नाहीत. या वेळी दोन पास काढलेत, गॅलरीत डाव्या बाजूचा पहिला बाक. आई सप्टेंबरात येतेय आणि तिला या खेपेला मार्चपर्यंत राहायचंय.