नाळ किती घट्ट? चार वैद्यकीय स्पिनऑफ मालिकांचा तुलनात्मक आढावा

हॉस्पिटलवरची एखादी मोठी मालिका अंगात भिनली, की तिच्यातून फुटलेली शाखाही बघावी का, हा प्रश्न येतोच. अशा वेळी रेटिंगचे आकडे फारसे कामाला येत नाहीत. आधी एवढंच पाहावं, की मूळ मालिकेशी त्या शाखेची नाळ किती घट्ट आहे. सैल असेल तर ती एकटी, सलग बघता येते. घट्ट असेल तर दोन्ही मालिका शेजारी ठेवून एकीतून दुसरीत जात-येत बघाव्या लागतात, नाहीतर गोष्टी अर्ध्यावर सुटतात. चांगल्या स्पिनऑफकडे लोक पाठ फिरवतात, ती बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी सुरुवात केल्यामुळे.

इथे चार मालिका शेजारी ठेवल्या आहेत. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’तून निघालेल्या ‘प्रायव्हेट प्रॅक्टिस’ आणि ‘स्टेशन 19’, ‘शिकागो फायर’मधून निघालेली ‘शिकागो मेड’, आणि ब्रिटनच्या ‘कॅज्युअल्टी’ची शाखा असलेली ‘हॉल्बी सिटी’.

प्रायव्हेट प्रॅक्टिस: सैल नाळ, सगळ्यात भरीव गोष्ट

एबीसी वाहिनीवर 2007 ते 2013 या काळात 6 सीझन, एकूण 111 भाग. अ‍ॅडिसन माँटगोमरी ही नवजात बाळांवर आणि गर्भावर शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर ‘ग्रेज’ जिथे घडते ते सिएटलचं हॉस्पिटल सोडून कॅलिफोर्नियात सांता मोनिकाला जाते आणि जुन्या मित्रांच्या ‘ओशनसाइड वेलनेस’ या दवाखान्यात रुजू होते. भूमिका केट वॉल्शची.

हॉस्पिटल सोडून दवाखान्यात आल्याने मालिकेचा पोतच पालटतो. इथे मिनिटा-मिनिटाला स्ट्रेचर धावत नाही. पेशंट समोर बसतो, बोलतो, आणि डॉक्टरांची आपसात जुंपते. एकाच छताखाली वंध्यत्वतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, फिजिशियन आणि पर्यायी उपचार करणारा डॉक्टर असल्यामुळे एकाच पेशंटबद्दल पाच मतं पडतात. आजारी मुलाला वाचवायला त्याच्या भावंडाचा जन्म वेळेआधी घडवून आणावा का? दोन बाळांची अदलाबदल झाल्याचं उशिरा कळलं तर कोणी कोणाला परत द्यायचं? असले प्रश्न इथे सहज सुटत नाहीत, आणि बऱ्याचदा भाग संपतो तेव्हाही सुटलेले नसतात. वैद्यकीय मालिकेत ऑपरेशन थिएटरपेक्षा सल्ल्याच्या खोलीत जास्त रमणाऱ्यांनी दुसरीकडे बघूच नये.

आता सुरुवात कुठून करायची. या मालिकेचा पायाभूत भाग तिच्या स्वतःच्या यादीत सापडतच नाही. तो ‘ग्रेज’च्या सीझन 3 मध्ये भाग 22 आणि 23 म्हणून आहे, कारण मे 2007 मध्ये तो दोन तासांचा एकच भाग म्हणून दाखवला गेला होता. मूळ मालिकेच्या पोटात नव्या मालिकेची चाचणी घेण्याच्या या पद्धतीला बॅकडोअर पायलट म्हणतात. तो न बघता थेट सीझन 1 लावला, तर अ‍ॅडिसन इथे का आली आणि ही मंडळी तिला आधीपासून कशी ओळखतात, हे कळत नाही. एक गोष्ट मात्र गोंधळात टाकते. त्या पायलटमध्ये अ‍ॅडिसनची मैत्रीण नेओमी हिची भूमिका मेरिन डन्जीने केली आहे आणि मालिकेत ती ऑड्रा मॅकडोनाल्डने केली आहे. पात्र तेच, चेहरा वेगळा.

‘ग्रेज’ आधी पूर्ण बघायची गरज नाही. अ‍ॅडिसन तिथे सीझन 1 च्या भाग 9 च्या अगदी शेवटच्या प्रसंगात येते. तो भाग, मग सीझन 2 चे 27 भाग आणि सीझन 3 चे पहिले 23, असे 51 भाग पाहिले की पूर्ण पार्श्वभूमी हाती येते. तेवढा वेळ नसेल तर सीझन 1 चा शेवट, सीझन 2 चे पहिले दोन-चार भाग आणि तो दुहेरी पायलट एवढ्यावरही भागतं.

‘प्रायव्हेट प्रॅक्टिस’च्या सीझन 1 मध्ये फक्त 9 भाग आहेत. 2007-08 च्या अमेरिकी लेखक संपामुळे तो तिथेच तुटला. स्वर अजून सापडलेला नाही, विनोद आणि गांभीर्य एकमेकांच्या पायात येतात, आणि सोडून देणारे बहुतेक जण इथेच सोडतात. मालिकेचा खरा कस सीझन 2 च्या उत्तरार्धापासून लागतो. निकाल द्यायचाच तर तिथपर्यंत पोहोचून द्यावा. पुढे सीझन 6 मध्ये एकेक भाग एकेका पात्राच्या नजरेतून सांगितला आहे. शेवटच्या 13 भागांसाठी हा धाडसी निर्णय होता, आणि तो साधला आहे.

एक इशारा. सीझन 2 च्या शेवटच्या भागात गरोदर स्त्रीवरची हिंसा आहे आणि सीझन 4 चा भाग 7 लैंगिक अत्याचाराबद्दल आहे. दोन्ही ठिकाणी कॅमेरा नजर वळवत नाही. ज्यांना हे विषय झेपत नाहीत त्यांनी आधी जाणून घेऊनच लावावेत. सीझन 4 चा तो भाग वगळला तर पुढचे कित्येक भाग अर्धवट वाटतील, कारण त्या घटनेचे परिणाम मालिका घाईत उरकत नाही. तोच तिचा मोठेपणा आहे.

क्रॉसओव्हर, म्हणजे एकच गोष्ट दोन मालिकांत विभागलेले भाग, मोजकेच आहेत आणि ते जुळवायची युक्ती सोपी आहे: ‘प्रायव्हेट प्रॅक्टिस’च्या सीझनच्या आकड्यात 3 मिळवा, की त्याच काळातला ‘ग्रेज’चा सीझन मिळतो. फेब्रुवारी 2009 मध्ये अ‍ॅडिसन आजारी भावाला घेऊन सिएटलला परतते. तिथे ‘ग्रेज’ 5 (म्हणजे सीझन 5) चा भाग 15, मग ‘प्रायव्हेट’ 2 चा भाग 16, पुन्हा ‘ग्रेज’चा 16 आणि ‘प्रायव्हेट’चा 17 असं आलटून-पालटून बघायचं. जानेवारी 2010 मध्ये ‘ग्रेज’ 6 चा भाग 11, त्यानंतर ‘प्रायव्हेट’ 3 चा 11. फेब्रुवारी 2012 मध्ये ‘ग्रेज’ 8 चा भाग 15, त्यानंतर ‘प्रायव्हेट’ 5 चा 15. एवढे सांधे सांभाळले की बाकी मालिका सलग लावायला हरकत नाही.

‘ग्रेज’ पुढेपर्यंत बघणाऱ्यांसाठी हिचा आणखी एक उपयोग आहे. अमेलिया शेफर्ड ‘ग्रेज’च्या सीझन 11 पासून मुख्य पात्रांत येते, पण तिचं व्यसन, तिचं दुःख, तिची धारदार जीभ हे सगळं घडलं ‘प्रायव्हेट प्रॅक्टिस’च्या सीझन 3 ते 6 मध्ये. कॅतरिना स्कोर्सोनने सीझन 5 मध्ये केलेलं काम बघितलं की ‘ग्रेज’मधल्या अमेलियाच्या लहानसहान वाक्यांनाही वजन येतं.

स्टेशन 19: घट्ट नाळ, पण हॉस्पिटलची मालिका नव्हे

2018 ते 2024, 7 सीझन, 105 भाग. सिएटलच्या त्याच हॉस्पिटलजवळचं अग्निशमन केंद्र. ‘ग्रेज’मधला बेन वॉरन शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण सोडून अग्निशामक होतो, तो दुवा. जेसन जॉर्जने ही भूमिका दोन्हीकडे केली आहे. मध्यवर्ती पात्र मात्र अँडी हेरेरा (जैना ली ऑर्टिझ).

निदान, तपासण्या, ऑपरेशनची चर्चा यांच्या ओढीने येणाऱ्याची इथे निराशा होईल. उपचार आहेत, पण ते रस्त्यावरचे. पेशंटला बाहेर काढायचं, श्वास चालू ठेवायचा आणि हॉस्पिटलच्या दारात सोपवायचं. पुढे त्याचं काय झालं, ते बऱ्याचदा ‘ग्रेज’मध्ये. म्हणजे ‘ग्रेज’ न बघता ही मालिका लावली, तर पेशंट दारातून आत जातो आणि गोष्ट हातातून निसटते.

इथला पायलट ‘ग्रेज’ 14 चा भाग 13, मार्च 2018. सीझन जुळवायला 13 मिळवायचे: ‘स्टेशन’चा 1 म्हणजे ‘ग्रेज’चा 14, आणि हा हिशेब थेट सीझन 7 आणि 20 पर्यंत टिकतो. पहिल्या दोन सीझनमध्ये (10 आणि 17 भाग) सांधे कमी आहेत. सीझन 3 पासून मात्र दोन्ही मालिका जवळपास एकच होऊन जातात.

खरी गंमत आणि खरी डोकेदुखी इथून पुढे आहे, कारण कोणती आधी हा क्रम मध्येच उलटतो. सीझन 1 आणि 2 मध्ये आधी ‘ग्रेज’, मग ‘स्टेशन’. सीझन 3 ते 6 मध्ये आधी ‘स्टेशन’, मग ‘ग्रेज’. सीझन 7 मध्ये पुन्हा आधी ‘ग्रेज’. हा बदल प्रक्षेपणाच्या वेळेमुळे झाला आणि लेखकांनी त्यानुसारच कथा गुंफली. उदाहरण घ्या. ‘ग्रेज’ 16 चा भाग 9 एका बारमध्ये गाडी घुसून संपतो. सुटका ‘स्टेशन’ 3 च्या पहिल्या भागात होते, आणि मग ‘ग्रेज’चा भाग 10 येतो. जो ऑटोप्लेवर ‘ग्रेज’च सलग बघत गेला, त्याच्या वाट्याला अपघात येतो, उपचार येतात, मधला सगळा थरार जातो. नोव्हेंबर 2020 मध्येही तसंच: ‘स्टेशन’ 4 चा पहिला भाग आधी, त्यानंतर ‘ग्रेज’ 17 चे पहिले दोन.

मग ही निवडावी कोणी? ज्यांना ‘ग्रेज’चे नंतरचे सीझन मनापासून आवडतात आणि जे दोन मालिका मिळून आठवड्याला चार-सहा भाग बघू शकतात त्यांनी. इटालियन प्रसूतितज्ज्ञ कॅरीना डेलुका (स्टेफानिया स्पांपिनातो) ‘ग्रेज’मधून इथे येऊन मुख्य पात्र झाली. वैद्यकीय बाजूची भूक असलेल्यांना तिच्या कथानकात बरंच काही मिळेल.

शिकागो मेड: तीन पदरी दोर

एनबीसीवर नोव्हेंबर 2015 पासून सुरू, 2025 मध्ये अकराव्या सीझनपर्यंत पोहोचली. पायलट ‘शिकागो फायर’ 3 च्या भाग 19 मध्ये लपला आहे, पण तो नाही पाहिला तरी काही अडत नाही. कारण ‘मेड’ची बांधणी वेगळी आहे. बहुतेक केसेस त्याच भागात सुरू होतात आणि त्यातच संपतात. गॅफ्नी मेडिकल सेंटरच्या इमर्जन्सी विभागात तीन-चार पेशंट समांतर चालतात, एक केस हमखास मानसोपचारतज्ज्ञ डॉ. चार्ल्स (ऑलिव्हर प्लॅट) यांच्याकडे जाते, आणि तोच धागा बहुतेक वेळा सगळ्यात चांगला असतो. इमर्जन्सीत मानसोपचारतज्ज्ञाला इतकी जागा देणारी मालिका विरळाच. कामावरून थकून आल्यावर एकच भाग बघून झोपायचं असेल, तर चारही मालिकांत हीच सोयीची.

क्रॉसओव्हर वर्षातून फार तर एखादा, पण तो तीन मालिकांत पसरलेला: अग्निशामकांची ‘फायर’, ‘मेड’ आणि पोलिसांवरची ‘शिकागो पी.डी.’. बऱ्याच हंगामांत ‘मेड’ रात्री सगळ्यात आधी लागत असे, त्यामुळे प्रेक्षक क्रॉसओव्हरही ‘मेड’पासून सुरू करतात आणि फसतात. ऑक्टोबर 2018, ऑक्टोबर 2019 आणि जानेवारी 2025 या तिन्ही मोठ्या क्रॉसओव्हरमध्ये क्रम ‘फायर’, ‘मेड’, ‘पी.डी.’ असाच आहे. शोधायलाही सोपं: तिन्ही मालिकांत भागाचा क्रमांक एकच. 2018 मध्ये भाग 2, 2019 मध्ये भाग 4, 2025 मध्ये भाग 11. सीझनसाठी ‘मेड’च्या आकड्यात 3 मिळवले की ‘फायर’, 2 मिळवले की ‘पी.डी.’. जानेवारी 2016 चा पहिला क्रॉसओव्हर तेवढा अपवाद: ‘फायर’ 4 चा भाग 10, ‘मेड’ 1 चा भाग 5, ‘पी.डी.’ 3 चा भाग 10.

उणीव एकच, पण ठळक आहे. मुख्य डॉक्टर सतत बदलतात. ज्याच्यात जीव गुंतला तो दोन-तीन वर्षांत निघून जातो, आणि निरोपासाठी कधी कधी पुरेसा वेळही दिलेला नसतो. हॉस्पिटलप्रमुख शेरॉन गुडविन, डॉ. चार्ल्स आणि नर्स मॅगी हा कणा मात्र पहिल्या सीझनपासून टिकून आहे.

हॉल्बी सिटी: एकाच इमारतीचे वेगळे मजले

‘कॅज्युअल्टी’ (1986 पासून) तातडीच्या विभागात घडते, ‘हॉल्बी सिटी’ त्याच हॉस्पिटलच्या वरच्या वॉर्डांत. बीबीसीवर जानेवारी 1999 ते मार्च 2022, एकूण 1102 भाग. रोज दोन भाग बघितले तरी दीड वर्ष लागेल, म्हणून पहिल्यापासून बघण्याचा हट्ट धरू नये. एखादं पात्र पकडून आत शिरावं. हृदयशल्यचिकित्सक जॅक नेलर (रोझी मार्सेल) 2005 मध्ये येते आणि शेवटपर्यंत राहते. तिच्या प्रवेशापासून सुरुवात केली तर पुढची सतरा वर्षं एका धाग्यात बांधली जातात. कॉनी बोशॅम्प ‘हॉल्बी’तून 2010 मध्ये बाहेर पडून 2014 मध्ये ‘कॅज्युअल्टी’त येते, म्हणजे इथे नाळ उलट्या दिशेनेही वाहते. अमेरिकी मालिकांचा झगमगाट नाही. पण ड्युटीची पाळी, खाटांची टंचाई, वरिष्ठांशी वाद, हे हॉस्पिटलचं रोजचं जगणं इथे जास्त खरं वाटतं.

कोणती लावायची

‘ग्रेज’चे पहिले तीन सीझन आवडले आणि पुढे कंटाळा आला, तर ‘प्रायव्हेट प्रॅक्टिस’. ‘ग्रेज’ तुम्ही आजही बघत असाल, तर ‘स्टेशन 19’, आणि तीही सीझन 3 पासून शेजारी ठेवून. ‘ग्रेज’ पाहिलीच नसेल, तर ‘शिकागो मेड’. दोघांपैकी एकाला अग्निशामक आवडतात आणि दुसऱ्याला डॉक्टर, अशा घरात ‘शिकागो’चं त्रिकूट छान चालतं. एकच निवडायची असेल तर कौल ‘प्रायव्हेट प्रॅक्टिस’ला, कारण ती 111 भागांत पूर्ण होते, तिचा शेवट शेवटासारखा आहे, आणि पेशंटच्या प्रश्नावर इतकं मन लावून भांडणारे डॉक्टर बाकी तिघींत नाहीत.

लावण्याआधी दोन गोष्टी करून ठेवा. ऑटोप्ले बंद करा, म्हणजे क्रॉसओव्हरच्या भागानंतर पुढचा भाग आपोआप सुरू होऊन मधली कडी निसटणार नाही. आणि पात्राचं नाव इंटरनेटवर शोधायला जाऊ नका. मृत्यू झालेल्या पात्रांच्या नावापुढेच ते लिहिलेलं असतं, आणि ‘प्रायव्हेट प्रॅक्टिस’ व ‘स्टेशन 19’ या दोन्हींत असे धक्के आहेत. कलाकाराचं नाव हवंच असेल, तर त्या भागाच्या शेवटच्या श्रेयनामावलीत बघा.