नवा म्हणून डेमोचा ट्रॅक्टर दिला – छोटा ट्रॅक्टर घ्यायला निघालेल्यांनी हे आधी वाचा

मंडळी, दीड महिना गप्प बसलो होतो. घरचे म्हणायचे जाऊ दे, झालं ते झालं, कशाला चव्हाट्यावर आणायचं. पण परवा आमच्याच गल्लीतलं एक पोरगं कोटेशन घेऊन माझ्याकडे आलं, काका जरा बघा ना म्हणलं, आणि त्यात चेसिस नंबरचा, म्हणजे त्या एकाच गाडीच्या ओळखीच्या नंबरचा, रकाना कोरा होता. अगदी माझ्यासारखाच. मग राहवलं नाही. डीलरचं आणि कंपनीचं नाव टाकत नाही कारण तक्रार चालू आहे, बाकी जसं झालं तसं लिहितोय.

माझी निफाड तालुक्यात साडेतीन एकर द्राक्षबाग, नऊ बाय पाच फुटांवर लावलेली. जुना छोटा ट्रॅक्टर २०१४ चा, १८ एचपी, टू व्हील. यंदा २०२५ ला मे महिन्यापासून जो पाऊस लागला तो थांबेचना, बागेत ६०० लिटरचा फवारणीचा ब्लोअर भरून घातला की मागची चाकं जागेवर फिरायची. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा अवस्थेत, म्हणजे कोंब फुटताना, डावणी या बुरशी रोगाचा फवारा एक दिवस जरी हुकला तरी काय होतं ते द्राक्षवाल्याला सांगायला नको. म्हणून ठरवलं की छाटणीच्या आत २७-२८ एचपीचा फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद असलेला, घ्यायचा.

तीन ठिकाणी फिरलो. एकाने आकडा सांगायच्या आधीच आधार, सातबारा, सिबिल मागितला, त्याच्याकडे परत गेलो नाही. दुसरा वयस्कर माणूस, त्याने कागदावर एकेक ओळ वेगळी लिहून दिली, ट्रॅक्टरची किंमत, विमा, पासिंग, वर एकही रुपया नाही, आणि शेवटी चेसिस नंबर टाकून सही शिक्का. पण तिसऱ्यापेक्षा त्याचा आकडा आठ हजारांनी जास्त आणि तो काही केल्या खाली येईना. आज वाटतं तिथंच घ्यायला पाहिजे होता.

तिसरा म्हणजे ज्याने फसवलं तो. गणपतीचे दिवस, शोरूमला माळा, गेल्या गेल्या चहा, "या भाऊ, तुमचंच दुकान आहे". एक्स शोरूम ६ लाख ७२ हजार सांगितली. मी आणि आमचे दाजी दोन तास बसलो, दोनदा उठून बाहेर आलो, दोनदा त्यांनी परत बोलावलं, शेवटी मालक स्वतः आला, कॅल्क्युलेटर बडवला आणि म्हणला ६ लाख ४०, यापुढे मला परवडत नाही. जुन्या ट्रॅक्टरचे १ लाख ६५ हजार धरले. ५१ हजार टोकन दिलं. कोटेशनवर मॉडेल लिहिलं, रंग लिहिला, चेसिस नंबर मात्र "गाडी आली की टाकू". जुन्या ट्रॅक्टरच्या पुढे लिहिलं "तपासणीनंतर अंतिम". मला वाटलं हे आपलं नेहमीचंच लिहितात.

आता जीएसटीचं ऐका, कारण यात माझ्यासारखे पुष्कळ जण अडकले असतील. ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलने ट्रॅक्टरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के केला, लागू २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशीच. मी डीलरला फोन केला. तर म्हणे तुमचं बुकिंग जुनं आहे, जुन्याच रेटने होईल. हे साफ खोटं. बुकिंगची तारीख कधीची का असेना, बिल २२ नंतर फाटलं आणि ट्रॅक्टर पण २२ नंतर हातात आला तर पाचच टक्के लागतो. मी हे एका सीएला विचारून परत फोन केला तेव्हा आवाज एकदम गोड झाला, "भाऊ तुमच्यासाठी करून देतो, ६ लाख ३० मध्ये घेऊन जा, अख्खे ४२ हजार कमी". आणि मी खूश झालो.

गणित मी घरी येऊन तीन आठवड्यांनी केलं. ६ लाख ७२ हजारात १२ टक्के धरलेले, म्हणजे मूळ किंमत ६ लाख, त्यावर ५ टक्के म्हणजे ६ लाख ३०. ही तर कंपनीची नवीन किंमतच झाली, जी दारात पाऊल टाकणाऱ्या कुणालाही मिळत होती. माझा सौदा ६ लाख ४० चा होता. त्यातून १२ टक्के काढले तर ५ लाख ७१ हजार ४२८, त्यावर ५ टक्के लावले तर बरोबर ६ लाख. म्हणजे दोन तास बसून जे ३२ हजार आम्ही तोडून घेतले होते ते त्याने सरकारने कमी केलेल्या टॅक्सच्या आड गुपचूप परत घेतले, आणि ४२ हजार कमी केले म्हणून वर उपकार दाखवले. माझ्या सौद्यापेक्षा कमी झाले फक्त १० हजार, व्हायला पाहिजे होते ४०. म्हणून भाव ठरवताना टॅक्स सोडून मूळ किंमत किती ते लिहून घ्या, डिस्काउंट त्या मूळ किमतीतून कापायला लावा. बिलावर टॅक्सेबल व्हॅल्यू म्हणून आकडा असतो, खाली अडीच टक्के सीजीएसटी आणि अडीच एसजीएसटी. तो वरचा आकडा बघायचा, खालची बेरीज नाही.

दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, डिलिव्हरी. सकाळी ११ चा टाइम दिलेला, ट्रॅक्टर दिला संध्याकाळी साडेसहाला. शोरूममध्ये ही गर्दी, दहा-बारा ट्रॅक्टर ओळीने लावलेले, सगळ्यांची घाई. आई आणि मिसेस बरोबर होत्या, पूजेचं ताट घेऊन दिवसभर बसून होत्या. अंधार पडलेला. तेवढ्यात पोराने कागदांचा गठ्ठा पुढे केला, इथं सही इथं सही, आणि त्यातच बाकीचं सगळं होतं. विमा १९,५००. पासिंग १४,५००. हँडलिंग ५,०००. एक्सेसरी किट १६,५००. आणि जुन्या ट्रॅक्टरचे १ लाख ६५ चे १ लाख ४०, का तर टायर गेलेले आणि क्लचला काम आहे. जुना ट्रॅक्टर तोपर्यंत त्यांच्या यार्डात जाऊन आठ दिवस झाले होते. मी भांडलो, तर मालक जागेवर नाही, फोन लागत नाही, आणि सेल्समन म्हणतो "भाऊ सणाच्या दिवशी कशाला, आपण उद्या बसून मिटवू". आईकडे बघितलं आणि सह्या केल्या. जुना ट्रॅक्टर दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर पण, कोरे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर धुवायला घेतला. उजव्या मडगार्डच्या आतल्या बाजूला हात घातला तर खरखरीत काहीतरी लागलं. पाणी मारलं तर निळसर पाणी यायला लागलं. बोर्डोचं, म्हणजे फवारायच्या मोरचूद-चुन्याच्या औषधाचं! मोरचुदाचा तो रंग मी लहानपणापासून बघतोय, मला चुकायचा नाही. मी तर या ट्रॅक्टरने अजून एकही फवारा मारला नव्हता, नुसता रोटाव्हेटर लावून काल थोडं फिरवलं होतं. मग खाली वाकलो. पीटीओ शाफ्टच्या, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या दांड्याच्या, दातांवरचा रंग पार उडालेला, दात चकचकीत. लोअर लिंकच्या, म्हणजे अवजार जोडायच्या खालच्या हातांच्या, भोकांच्या कडा घासून चमकलेल्या. क्लच पेडलच्या रबराचे कंगोरे उजव्या बाजूने झिजलेले. आणि अवर मीटर, म्हणजे इंजिन एकूण किती चाललं ते दाखवणारा काटा, ५२ तास. माझे सगळे मिळून सहा तास पण झाले नव्हते. म्हणजे माझ्या हातात आला तेव्हाच हा ४६ तास चाललेला होता, आणि दसऱ्याच्या रात्री हार घालताना, फोटो काढताना आमच्या एकाचीही नजर त्या मीटरवर गेली नाही.

फोन केला तर म्हणे कंपनीतून टेस्टिंगला चालतात, यार्डातून यार्डात चालवत आणतात. पण पहिल्या सर्व्हिसिंगला जो मेकॅनिक आला, साधा पोरगा, त्याला यातलं काही माहीत नव्हतं, तो बॉनेट उघडता उघडता सहज बोलून गेला, "हा तर आपला डेमोचाच की, मीच ब्लोअर जोडून फिरायचो याच्यावर". मग माझ्या तोंडाकडे बघून गप्प झाला. त्या पोराची काही चूक नाही.

पुढे आरसी आली त्यावर उत्पादन महिना नोव्हेंबर २०२४. म्हणजे अकरा महिने जुना, बागाबागांतून फिरवलेला, आणि पैसे कोऱ्या करकरीत नवीनचे. डेमोचा ट्रॅक्टर विकणं गुन्हा आहे असं मी म्हणत नाही, काही डीलर सांगून विकतात, भाव कमी करून देतात, घेणारा समजून घेतो. लपवून विकला हे दुखतं. तो कोरा ठेवलेला चेसिस नंबर यासाठीच होता. मी यार्डात ज्या ट्रॅक्टरला हात लावून पसंत केलं होतं तो हा नव्हताच, आणि नंबरच लिहिलेला नसल्यावर मी सिद्ध काय करणार.

तेव्हा टोकन द्यायच्या आधी यार्डात जा, ट्रॅक्टर उजेडात बघा, चेसिस आणि इंजिन नंबरच्या प्लेटचा फोटो काढा, अवर मीटरचा फोटो काढा, आणि तोच नंबर कोटेशनवर आणि टोकनच्या पावतीवर लिहून घ्या. नाही म्हणले तर उठा. फॉर्म २१ म्हणून विक्रीचं सर्टिफिकेट असतं, त्यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, सही करायच्या आधी तेवढी एक ओळ वाचा. अंधारात डिलिव्हरी घेऊ नका, मुहूर्त हुकला तरी चालेल. पूजा दुसऱ्या दिवशी सकाळी करता येते.

एक्सेसरी किटचं नंतर कळलं की टॉप लिंक, हिच, बंपर, टूल बॉक्स हे माझ्या ट्रॅक्टरबरोबर कंपनीच देत होती, त्याचेच १६,५०० लावले. हँडलिंग नावाचा कुठलाही सरकारी चार्ज नाही. पासिंगच्या पावत्या मागितल्या तेव्हा सगळ्या मिळून ६ हजाराच्या आतल्या निघाल्या. विमा डीलरकडूनच घ्यायचं बंधन नाही, बाहेर तेवढ्याच कव्हरचा मला १३ हजारात सांगितला.

कर्जाचं पण सांगतो. साडेतीन लाख त्यांच्याच फायनान्सवाल्याकडून, "नऊ टक्के भाऊ, बँकेपेक्षा स्वस्त". पाच वर्षं, सहामाही हप्ता ५०,७५०. नऊ टक्के खरे, पण फ्लॅट. म्हणजे दर सहा महिन्याला मुद्दल फेडत गेलो तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण साडेतीन लाखांवरच. घटत्या बाकीने धरलं तर हे जवळजवळ पंधरा टक्क्यांना जातं. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून रिटेल कर्जांना केएफएस नावाचा एक कागद देणं सक्तीचं केलंय, त्यात एपीआर म्हणून खरा वर्षाचा दर छापलेला असतो. माझ्या गठ्ठ्यात तो होता, अगदी शेवटून दुसरा, इंग्रजीत, आणि त्यावरही माझी सही आहे.

आणि अनुदान. शोरूमवाले मला म्हणले महाडीबीटीचं (सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवरचं) सव्वा लाख मिळतं, तुम्ही ट्रॅक्टर घेऊन टाका, फाईल आम्ही मागून टाकतो. असं होत नाही. आधी अर्ज, मग निवड, मग पूर्वसंमती, आणि त्यानंतरच्या तारखेचं बिल. आधी घेतला की अनुदान गेलं. माझा अर्ज भरलेला होता, मी थांबलो असतो तर कदाचित नंबर लागला असता. हे मला सगळ्यात जास्त लागलंय कारण कृषी सहायकाने मला एकदा सांगितलं होतं आणि मी शोरूमवाल्याचं ऐकलं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली, कंपनीला मेल केला, मीटरचे आणि पीटीओचे फोटो जोडले. पंधरा दिवसांनी कंपनीचा माणूस घरी आला. एक्सेसरी आणि हँडलिंगचे मिळून २१,५०० चेकने परत मिळाले. डेमोच्या बदल्यात दोन सर्व्हिसिंग फ्री देतो म्हणाले, ते मी घेतलं नाही, लिहून पण दिलं नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन अर्ज टाकलाय, ५ ते १० लाखांच्या व्यवहाराला फी २०० रुपये आहे, वकील लागतोच असं नाही.

ट्रॅक्टर चालतोय. छाटणीनंतरचे सगळे फवारे त्यानेच मारले. पण जुना ट्रॅक्टर त्यांनी कुणाला विकला ते सांगत नाहीत, आणि काल रात्री एम परिवहन ॲपवर नंबर टाकून बघितला तर तो अजून माझ्याच नावावर आहे. तो रस्त्यावर कुणाला धडकला तर नोटीस माझ्या दारात येणार. सोमवारी कोऱ्या सह्यांच्या त्या दोन फॉर्मसाठी परत जातोय, या वेळी दाजींबरोबर आमचे सरपंच पण येणार आहेत.