आठ महिने, चार वेळा कॅज्युअल्टी: जुना ईसीजी जवळ ठेवाच

चौथ्या खेपेला सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, तीन तास चाळीस मिनिटं गेली, म्हणून लिहायला बसलोय. बायकोला शुगर, बीपी आणि हृदयाच्या शिरेत एक स्टेंट (शीर उघडी ठेवणारी जाळीची नळी). आठ महिन्यांत छातीत दाटून आलं म्हणून चार वेळा, तीन वेगवेगळ्या ठिकाणी जावं लागलं. कुठं किती बेड, कॅथलॅब (हृदयाची बंद शीर उघडायची खोली) कुणाकडे हे सोलापूरकरांना माहीत आहे. मी फक्त थांबण्याबद्दल लिहितोय.

कॅज्युअल्टीत जो आधी आला त्याचा नंबर आधी, असं नसतं. नाडी, बीपी, ऑक्सिजन आणि तक्रार बघून लाल, पिवळा, हिरवा असे गट पडतात, आणि हिरव्यात पडलेला पेशंट मागे राहतो. त्यामुळे खिडकीवर तुम्ही काय बोलता त्यावर बरंच ठरतं. "जरा अस्वस्थ वाटतंय, पित्त झालं असेल" असं म्हटलं की केसपेपरवर पित्तच चढतं. बायकांमध्ये आणि शुगरवाल्यांमध्ये कळ छातीत न येता जबडा, पाठ, खांदा, मळमळ, दम, गार घाम अशी येऊ शकते, त्यामुळे पित्ताचा अंदाज घरच्यांनी बांधूच नये. सरळ सांगा: "छातीत दाब आहे, साडेनऊला सुरू झाला, शुगर आहे, स्टेंट आहे, आधी ईसीजी काढा." दारात पाऊल टाकल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी निघून तो डॉक्टरांच्या नजरेखालून गेला पाहिजे, हा सगळीकडे मानला जाणारा दंडक आहे. केसपेपर आणि डिपॉझिट त्यानंतर. मी तीनही ठिकाणी घड्याळ लावून बघितलं, दोन ठिकाणी तो पाळला गेला.

आता जुन्या ईसीजीकडे येतो. स्टेंट बसलेल्या, आधी झटका येऊन गेलेल्या माणसाचा ईसीजी बरं असतानाही बऱ्याचदा नॉर्मल नसतो. ईसीजीच्या कागदी पट्टीवर दिसणारा बदल आजचा की दोन वर्षांपूर्वीचा, हे रात्रपाळीच्या डॉक्टरला जुनी पट्टी शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. बदल नवा दिसला तर धावपळ लगेच सुरू होते. जुनी पट्टी नसली की सगळं ट्रोपोनिनच्या, म्हणजे हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणाऱ्या रक्ततपासणीच्या, रिपोर्टवर अडून बसतं.

आणि ही पट्टी टिकत नाही. तो थर्मल कागद असतो. आपल्याकडच्या 43 अंशांच्या उन्हात गाडीच्या डिक्कीत राहिला तर काळवंडतो आणि प्लास्टिकच्या पाकिटात ठेवला तर पुसट होतो. स्टेंटच्या वेळचा आमचा मूळ ईसीजी फाईलीतल्या पाकिटातच उडून गेला. झेरॉक्सला दोन रुपये लागतात, ती त्याच दिवशी काढा आणि कागदाच्या पाकिटात ठेवा. मोबाइलवर फोटो घेताना पट्टी सपाट टेबलावर ठेवा, वर सावली पडू देऊ नका. बाराही लीड (पट्टीवरचे बारा वेगवेगळे आलेख), नाव, तारीख आणि कडेला छापलेलं वेगाचं-उंचीचं माप (25 मिमी प्रतिसेकंद, 10 मिमी प्रतिमिलिव्होल्ट) हे सगळं त्यात यायला हवं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर रेषा फुटतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मशीनचं घड्याळ बऱ्याचदा चुकीचं असतं. खरी वेळ आणि त्या क्षणी कळ होती की नव्हती, हे पेनाने पट्टीवरच लिहून घ्या.

पहिल्या दोन खेपांना मला वाटायचं की बिल वाढवायला बसवून ठेवतात. ते मत आता बदललंय. हृदयाच्या स्नायूला इजा झाली तरी ट्रोपोनिन रक्तात चढायला काही तास लागतात. कळ नुकतीच सुरू झाली असेल तर पहिला रिपोर्ट नॉर्मल येऊनही धोका टळलेला नसतो. चांगल्या संवेदनशील किटवर दुसरं रक्त एक ते तीन तासांनी घेतात, साध्या किटवर त्याहून उशिरा. हे थांबणं योग्यच आहे, तेवढ्यासाठी सिस्टरशी भांडू नका.

माझी तक्रार त्या मधल्या वेळाची आहे. कळ चालू असेल तर पहिला ईसीजी चांगला असला तरी दर 15 ते 30 मिनिटांनी परत काढायला हवा, कारण शीर बंद होत जाताना पट्टी बदलत जाते. चौथ्या खेपेला दुसरी पट्टी मी तीन वेळा मागितल्यावर निघाली. "कळ अजून आहे, ईसीजी परत काढा" एवढं वाक्य पुरे, पण ते बोलायला कुणीतरी बेडपाशी हवं. दोघे गेला असाल तर एकाने बिलाच्या खिडकीवर जावं, दुसऱ्याने जागचं हलू नये.

108 च्या रुग्णवाहिकेबद्दलही मत बदललं. जुळे सोलापुरातून रिक्षा लवकर पोचते असं मी धरून चाललो होतो. पण वाटेत ठोके बिघडले तर रिक्षात काहीच करता येत नाही. 108 मध्ये डॉक्टर आणि ऑक्सिजन असतो. राज्यात 2014 पासून सुरू असलेली ही सेवा मोफत आहे. फोनवर पत्त्यासोबत ओळखीची खूण सांगा, कोपऱ्यावर एकाला उभं करा, आणि पेशंटला जिना चालत उतरू देऊ नका, खुर्चीत बसवून उतरवा. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत होम मैदानाकडून कुठले रस्ते बंद आहेत ते आधी बघून ठेवा.

नातेवाईक हमखास म्हणतात, पुण्याला न्या. पुणे अडीचशे किलोमीटर आहे. झटका असेल तर कॅथलॅबच्या रुग्णालयात पोचल्यापासून 90 मिनिटांत शीर उघडायचं उद्दिष्ट असतं, आणि ते शक्य नसेल तर गाठ विरघळवणारं इंजेक्शन लवकरात लवकर द्यायचं असतं. म्हणून बरं असतानाच जवळच्या रुग्णालयाला फोन करून विचारून ठेवा: रात्री दोनला कॅथलॅबची टीम किती वेळात येते?

पैशांचं थोडक्यात. डिपॉझिटसाठी प्राथमिक उपचार अडवता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच आधी जीव वाचवा असं बजावलंय. कॅशलेसवर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यावा असा 2024 पासून नियम आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी (सरकारी मोफत उपचार) आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या माणसाला, दाखल होतानाच गाठा. रेशनकार्ड आणि आधारची झेरॉक्सही ईसीजीच्याच पाकिटात ठेवा.

तीनपैकी एका ठिकाणी सिस्टरने कुणी न सांगता वीस मिनिटांनी दुसरी पट्टी काढली आणि पहिलीला टाचून ठेवली. तिथं बेड जुने आहेत, पार्किंग नाही आणि आमच्या घरापासून ते सगळ्यात लांब आहे. पुढच्या वेळी मी तिथंच जाणार.