केबिनच्या दाराला डासजाळी: चुंबकाचा पडदा की शिशाचा?

खाडीत रात्र काढायची तर दाराला जाळी हवीच, त्यावर चर्चा नको. तिवरांजवळ नांगर टाकला की दिवेलागणीला केबिनचं काय होतं, हे ज्यांना ठाऊक आहे तेच हे वाचत असणार असं धरून चालतो. आमची फायबरची लहान केबिनवाली बोट दाभोळच्या खाडीत असते. गळ टाकायला जातो, बऱ्याचदा रात्री तिथेच राहतो. वेल्क्रोची जाळी, चौकटीतली, चुंबकाची आणि खाली शिसं लावून नुसती सोडलेली, असे चारही प्रकार या दाराने पाहिलेत. तुमची बोट वेगळी असेल तर हिशेबही थोडा वेगळा लागेल.

वेल्क्रोचं आधी उरकतो. खिडक्यांना आणि छताच्या झडपेला ती उत्तम, कारण एकदा लावली की रात्रभर हात लावायचा नसतो. दाराला मात्र नको. बाहेर पडताना चर्र, आत येताना चर्र, आणि झोपलेला माणूस शिव्या घालतो. शिवाय आत आल्यावर कडेकडेने दाबत बसावं लागतं, ते पाहुणे करत नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हात फायबरवरचा गोंद मऊ पडून अख्खी पट्टीच हातात येते, ते वेगळंच.

चौकटीतली जाळी बंदोबस्ताच्या बाबतीत सगळ्यांत पक्की, हे मान्य करायलाच हवं. लहान मुलं बरोबर असतील, नऊ वाजता आत शिरून थेट उजाडल्यावर बाहेर पडायचं असेल, तर पुढे वाचूच नका, सुताराकडून सागवानी चौकट करून घ्या. घरच्या खिडकीसाठी मिळते ती अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि तिला स्टीलचे स्क्रू, हे मात्र खाऱ्या हवेत टिकत नाही. दोन धातू एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियमला पांढरी भुकटी सुटते आणि भोकं मोठी होत जातात. सागवानी चौकटीलाही स्क्रू स्टेनलेस स्टीलच्या ३१६ ग्रेडचेच घ्या, ३०४ वर तांबूस डाग धरतात. पण माझ्यासारख्याला चौकट नडते ती भरती फिरताना. बोट वळते, नांगर धरून आहे ना ते बघायला उठावं लागतं, आणि अंधारात ती चौकट उचलून ठेवायची कुठे? दाभोळच्या खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीत मगरी आहेत, त्यामुळे पाण्याच्या कडेला वस्तू हातात धरून चाचपडायची मला हौस नाही.

खरी निवड राहते ती चुंबक आणि शिसं यांच्यात.

चुंबकाचा पडदा सगळ्यांनी पाहिलेला असतो. मधोमध फाक, दोन्ही कडांना चुंबकं, माणूस पार झाला की टकटक करत मिटतो. हातात चहाची किटली असली तरी खांद्याने ढकलून आत जाता येतं, आणि ही सोय खरोखर मोठी आहे. बाजारात तयार मिळतो, महागही नाही. पण तो घराच्या सात फुटी दारासाठी शिवलेला असतो. केबिनचं दार बुटकं, म्हणून खालून कापावा लागतो आणि नेमकी खालची चुंबकं जातात. डास तर पायाशीच घुटमळतात. वर चकचकीत चकत्यांची चुंबकं असतील तर त्यांचा मुलामा खारट ओलीने उडतो आणि जाळीवर गंजाचे ओघळ येतात. काळ्या रबरी पट्टीची चुंबकं गंजत नाहीत, पण त्यांची पकड इतकी बेताची की बोट जराशी कलली तरी फाक पडते.

होकायंत्र दाराशेजारच्या भिंतीवर असेल तर आणखी एक गोष्ट बघून घ्या. पडदा हातात धरून होकायंत्राजवळ न्या. काटा हलला तर प्रश्नच मिटला. आता सगळे जीपीएसवर जातात हे खरं, तरी बॅटरी बसलेल्या रात्री होकायंत्राने खोटं बोलू नये एवढी अपेक्षा असते.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. ठरवलं ते गळाने. गळ टाकणाऱ्यांच्या बोटीवर गळ, फिरक्या, तारेचे तुकडे सगळीकडे सांडलेले असतात, आणि सगळं पोलादी. पडदा वाऱ्याने फळीवरून घासत जातो आणि चुंबक मिळेल ते उचलतं. आधी कडेला लोखंडाचा कीस मिशीसारखा चिकटलेला दिसला, तो पुसून टाकला. मग एका रात्री पडदा ढकलून आत येताना कोपराला काहीतरी टोचलं. टॉर्च लावून पाहिलं तर चुंबकाला मधल्या आकाराचा गळ चिकटलेला, टोक बाहेर, आणि काटा माझ्या शर्टाच्या बाहीत. कातडीत शिरला असता तर उलट्या काट्यामुळे तो ओढून काढता आला नसता, आणि डॉक्टर सकाळीच भेटला असता. तेव्हापासून त्या पडद्यातून जाताना दरवेळी कडा चाचपायची सवय लागली. ज्या पडद्याचा गुण हातांना मोकळं ठेवणं हाच, तो असा चाचपून वापरायचा तर काय उपयोग? ज्यांच्या बोटीवर गळ नाही त्यांना हा त्रास नसेल, हेही खरं.

शिसं चुंबकाला चिकटत नाही आणि गळाला ओढत नाही, एवढ्या एका गुणावर मी त्याच्याकडे वळलो. बाकीचे गुण नंतर कळले. दारापेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर रुंद आणि उंबऱ्याच्या खाली लोळेल इतकी लांब जाळी घ्यायची, वरच्या कडेला लाकडी पट्टी आणि खालच्या घडीत पागाच्या, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्याच्या, घोळाला लावतात तसे शिशाचे मणी. मणी शिवणीत पूर्ण बंद हवेत, मुलांच्या हाताला लागता कामा नयेत. ये-जा करताना कड हाताने बाजूला सारायची, सोडली की आपोआप पडते. मध्ये फाक नाही, म्हणून जोडी जुळवणंही नाही.

वारा मात्र याला सतावतो, हे लपवत नाही. खाडीत बोट वाऱ्याकडे नव्हे, बहुधा प्रवाहाकडे तोंड करते. संध्याकाळी समुद्रावरून वारा येत असताना भरती असली तर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, समुद्राकडे असते, वारा पुढून शिरून दाराने बाहेर पडतो. ओहोटी असली तर नाळ वरच्या अंगाला वळते आणि तोच वारा सरळ दारात. आतून टांगलेला पडदा अशा वेळी फुगून आत येतो आणि कोपऱ्यात चार बोटांची फट पडते. बाहेरून टांगला तर तोच वारा त्याला दाराच्या कडांवर दाबून धरतो. भरतीच्या वेळी आतून येणारा झोत मंद असतो, तेवढा शिशाला आवरतो. म्हणून मी बाहेरून टांगतो. पावसाच्या चार थेंबांची पर्वा नाही, घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुतला की झालं.

जाळीच्या विणीबद्दल थोडं. पलंगाच्या मच्छरदाणीला इंचाच्या चौकोनात साधारण १५६ भोकं असतात. डास अडतात, पण तिवरांच्या चिखलातली बारीक चिलटं सहज येतात. खिडक्यांची १८ बाय १६ ची जाळी, म्हणजे २८८ भोकं, बरी पडते. २० बाय २० ची अजून बारीक असते, पण ऑक्टोबरच्या उकाड्यात वारा कोंडते, त्यामुळे चिलटांचा फार जाच असेल तरच ती घ्या. फायबरग्लासची जाळी लोंबत्या पडद्याला कडक पडते, घडीवर मोडते. मऊ पॉलिस्टर छान लोळते.

शिवायला ताडपत्री शिवणाऱ्याकडे द्या आणि धागा पॉलिस्टरचाच सांगा, सुती धागा एका मोसमात कुजतो. तुमचं दार बाहेर उघडणारं असेल तर पडदा आतूनच लावावा लागेल. तिथे मणी जवळजवळ दुप्पट लावा आणि बाजूंच्या कडा खाली दोन खुंट्यांत अडकवा.