शेक्सपिअर सोप्या इंग्रजीत, ६ महिने वापरल्यावर

परवा सकाळी बँकेचा मेसेज आला, ८९९ रुपये गेले. शेक्सपिअर सोप्या इंग्रजीत दाखवणाऱ्या अ‍ॅपचा सहा महिन्यांचा प्लॅन संपला आणि न विचारता पुढच्या सहा महिन्यांचे पैसे कापून घेतले. लगेच कस्टमर केअरला लिहिलं, दोन दिवसांनी उत्तर काय तर ऑटो-रिन्यू तुम्हीच चालू ठेवलं होतं. अहो, ती टिक आधीपासूनच होती, मी केलेलीच नाही! पण हे वाचायलाच कोणी तयार नाही. राग आहेच, पण रागाच्या भरात नावं ठेवायची नव्हती म्हणून दोन दिवस थांबले आणि आज लिहायला बसले.

अ‍ॅप कशा प्रकारचं ते माहितीच असेल, डावीकडे मूळ ओळी आणि उजवीकडे त्याच आजच्या इंग्रजीत. मुलगी टीवायबीएला, इंग्लिश स्पेशल, हॅम्लेट लावलंय. रात्री जेवणं आटोपली की आम्ही दोघी वाचायला बसायचो, कारण मलाही कधीपासून वाचायचं होतं आणि चार हजार ओळींच्या आसपासचं ते नाटक बघून दरवेळी हिंमत व्हायची नाही.

पहिले दोन महिने मी सगळ्यांना सांगत सुटले होते की घ्याच. कारण अवघड शब्द माणूस डिक्शनरीत बघतोच, फसतो तो ओळखीच्या शब्दांना. हॅम्लेट भुताच्या मागे निघालाय, मित्र धरून ठेवतात, तेव्हा तो म्हणतो, ‘आय विल मेक अ घोस्ट ऑफ हिम दॅट लेट्स मी’. मला वाटलं, जाऊ देणाऱ्यालाच का मारतोय हा? उजवीकडे बघितलं तर ‘लेट’ म्हणजे चक्क अडवणं. मुलगी उठली आणि कपाटातून माझा पासपोर्ट घेऊन आली, त्यात पहिल्याच पानावर ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’. इतकी वर्षं तो पासपोर्ट घरात आहे, कधी लक्षातच आलं नव्हतं. त्या एका रात्रीसाठी मी पैसे वसूल धरते.

मग तिसऱ्या अंकातला आईच्या महालातला प्रवेश आला आणि माझं मत फिरलं. राणी म्हणते, ‘हॅम्लेट, दाऊ हॅस्ट दाय फादर मच ऑफेंडेड’, म्हणजे तू बापाला फार दुखावलंस. तो म्हणतो, ‘मदर, यू हॅव माय फादर मच ऑफेंडेड’. आता उजवीकडे बघा, दोघांच्याही तोंडी ‘यू’. बाप दोन आहेत, तिचा इशारा नव्या नवऱ्याकडे आणि त्याचा मेलेल्या बापाकडे, तेवढं कळतं. पण मूळ ओळीत आई मुलाला ‘दाऊ’ म्हणजे ‘तू’ म्हणतेय आणि मुलगा तिला ‘यू’ म्हणजे ‘तुम्ही’! आणि लगेच पुढच्या ओळीला तीही ‘यू’वर येते. तीन ओळींत आईची माया आटलेली दिसते, आणि उजव्या कॉलममध्ये त्याचा मागमूसही नाही.

हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही हो. माझा भाऊ आईशी भांडला की ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणायचा, एरवी अगं-तूगं करणारा मुलगा. त्या ‘तुम्ही’ने आईला जेवढं लागायचं तेवढं शिवी दिली असती तरी लागलं नसतं. शेक्सपिअरच्या इंग्रजीत दोन्ही शब्द होते, पुढे रोजच्या बोलण्यातून ‘दाऊ’ गेलं, तर आजचं इंग्रजी करणाऱ्याने करायचं तरी काय हे मला मान्य आहे. पण निदान एक टीप द्या! बाजूला छोटी खूण करा की इथे बोलणं बदललं. दोनदा लिहून पाठवलं, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार’ एवढंच आलं.

आपल्या आगरकरांनी १८८३ साली हॅम्लेट मराठीत ‘विकारविलसित’ म्हणून आणलं, मराठीत करणाऱ्याच्या हाताशी तू-तुम्ही आयतंच असतं. लायब्ररीत ती प्रत मागवलीये, हाच प्रवेश आधी काढणार आहे.

दुसरी तक्रार लयीची. ‘मॅकबेथ’ नाटकात मॅकबेथ खून करून येतो तेव्हा हाताचं रक्त ‘मल्टिट्यूडिनस सीज इनकार्नडाइन’ करेल म्हणतो आणि लगेच पुढे ‘मेकिंग द ग्रीन वन रेड’. म्हणजे भारदस्त शब्दांचा अर्थ शेक्सपिअरनेच खाली साध्या शब्दांत देऊन ठेवलाय. उजवीकडे दोन्हीचं मिळून एक सरळ वाक्य केलंय, समुद्र लाल होईल, झालं. सोपं करताना लय सोडलीच पाहिजे असं काही नाही, अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या शेक्सपिअर फेस्टिव्हलने २०१५ मध्ये ३६ नाटककारांना ३९ नाटकं आजच्या इंग्रजीत आणायचं काम दिलं तेव्हा लय आणि यमक सांभाळा असंच सांगितलं होतं.

मध्ये एका अपडेटनंतर फोनवर दोन कॉलम एकाखाली एक यायला लागले. मी चिडले होते, पण मुलगी म्हणाली, ‘आई, बरंच झालं की गं, आता आधी मूळ वाचावंच लागतं.’ आणि खरंच, पूर्वी डोळा थेट उजवीकडे जायचा, आता अडलं तरच खाली जातो, दिवसाला सात-आठ वेळा. तेवढ्यासाठी ८९९ मला जास्त वाटतात. अमेरिकेतल्या फोल्जर शेक्सपिअर लायब्ररीच्या साइटवर मूळ नाटकं फुकट आहेत, आणि त्यांच्या छापील पुस्तकात उजव्या पानावर नाटक, डाव्या पानावर शब्दांचे अर्थ. जुनं मिळालं तर तेच घ्या. परीक्षा पंधरा दिवसांवर असेल आणि काहीच वाचलं नसेल तर अ‍ॅप घ्या, पण पैसे भरल्या भरल्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटो-रिन्यू बंद करा.

आता किंग लिअर चालू आहे. पहिल्याच प्रवेशात केंट नावाचा सरदार भर दरबारात राजाला ‘व्हॉट वुड्स्ट दाऊ डू, ओल्ड मॅन’ म्हणतो, तिथे मुलीने खालचं न बघता वहीत पेन्सिलीने ‘राजाला तू!!’ लिहिलं. रिफंड अजून आलेला नाही, आला तर इथेच लिहीन.