विद्यार्थ्यांचा फिल्म फेस्टिव्हल: निवड अव्वल, आवाजाची मात्र आबाळ

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांनी भरवलेल्या या दोन दिवसांच्या महोत्सवाला लघुपटांच्या निवडीसाठी पैकीच्या पैकी गुण. द्राक्षबागेतल्या मजुरांवरचा माहितीपट आणि सातपूरच्या कारखान्यातली रात्रपाळी दाखवणारी छोटी फिल्म लागोपाठ ठेवायला नजर लागते. नंतरच्या चर्चेतले प्रश्नही मुद्द्याचे, अभ्यास करून विचारलेले. दादासाहेब फाळक्यांचा जन्म १८७० सालचा, इथल्याच त्र्यंबकेश्वरचा. त्या जिल्ह्यातली पोरं इतक्या मनापासून सिनेमा दाखवतात याचं फार कौतुक वाटतं.

म्हणूनच आवाजाची हेळसांड खटकते. एका फिल्ममध्ये पार्श्वसंगीत कानठळ्या बसवत होतं आणि पात्रं नुसते ओठ हलवत होती. आवाज वाढवला तर संगीतच वाढलं. हा दोष स्पीकरचा नसतो. ५.१ मिक्समध्ये, म्हणजे सहा वेगवेगळ्या चॅनलमध्ये वाटलेल्या आवाजात, संवाद मुख्यतः मधल्या चॅनलवर असतात. हॉलमध्ये डावा-उजवा असे दोनच स्पीकर असले आणि लॅपटॉपने मधला चॅनल त्या दोघांत मिसळला नाही, तर संवादच गायब होतात. प्रवेशिका मागवतानाच स्टिरिओ, म्हणजे डावा-उजवा असा दोनच चॅनलचा, मिक्स सक्तीचा करावा. प्रश्न मुळातच मिटतो.

मराठी सबटायटलमध्ये काही ठिकाणी अक्षरांऐवजी चौकोन दिसले. सबटायटलची एसआरटी फाइल यूटीएफ-८ या देवनागरी चालणाऱ्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह केलेली हवी आणि प्लेअरला देवनागरी फॉन्ट निवडून दिलेला हवा. त्यापेक्षा निर्मात्याकडूनच सबटायटल चित्रातच कायमची उमटवून (बर्न करून) घेतलेली बरी.

प्रोजेक्टर एका कडेला ठेवून कीस्टोन या त्याच्या सेटिंगने तिरकं चित्र सरळ केलं होतं. त्यात काही पिक्सेल वाया जातात आणि बारीक अक्षरं पुसट होतात. टेबल पडद्यासमोर मधोमध आणलं की कीस्टोनची गरजच उरत नाही. दुपारच्या सत्रात खिडक्यांतून उजेड येत होता, त्यामुळे रात्रीची दृश्यं धुऊन गेली. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. हॉल जेवढा अंधारा, तेवढाच पडदा काळा. तेव्हा जाड काळं कापड लावा, नाहीतर अंधाऱ्या फिल्म संध्याकाळी ठेवा.

पेन ड्राइव्ह एफएटी३२ या फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, हे फिल्म पाठवणाऱ्यांना आधीच कळवावं.

यातल्या बहुतेक चुका आदल्या दिवशीच्या चाचणीत सापडतात: त्याच हॉलमध्ये, त्याच लॅपटॉपवरून, प्रत्येक फिल्मची सुरुवात, संवादाचा एक तुकडा आणि शेवट. एवढं पुरतं.

पुढच्या वेळी जाणाऱ्यांनी मधल्या रांगेत, दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर बसावं. मागे पंख्यांच्या घरघरीत हळू संवाद विरून जातात.