राखेतले खळगे लेबलावर: लान्झारोतेच्या एका पांढऱ्या वाईनचे वेष्टन

स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी लान्झारोते या ज्वालामुखीच्या बेटावरील एका लहान वायनरीची, मालवासिया व्होल्कानिका या द्राक्षाची पांढरी वाईन नुकतीच हाती आली. ती कोरडी, ताजी आणि किंचित खारट आहे. चवीविषयी इतकेच पुरे, कारण हे परीक्षण तिच्या वेष्टनाचे आहे.

ज्वालामुखीच्या प्रदेशातील वाईन म्हटली की लेबलावर लाल ज्वाळा आणि धुमसते शिखर हमखास येते. या लेबलावर आगीचा मागमूसही नाही, आणि तेच मला सर्वाधिक भावले. १७३० ते १७३६ या काळात तिमानफाया परिसरात झालेल्या उद्रेकांनी बेटाचा सुमारे चौथा भाग लाव्हा आणि राखेखाली गाडला. पुढे शेतकऱ्यांच्या ध्यानात आले की ही काळी, दाणेदार राख रात्रीचा ओलावा धरून ठेवते आणि खालच्या मातीतले पाणी उडू देत नाही, म्हणून त्यांनी राखेत खोल खळगे खणून वेलींची मुळे जुन्या मातीपर्यंत पोहोचवली आणि वाऱ्याच्या बाजूला दगडांचे अर्धवर्तुळाकार बांध रचले. बेटावरील ला हेरिया या द्राक्षमळ्यांच्या भागातील उतारांवर हे खळगे आजही दिसतात. चित्रकाराने नेमकी हीच आकृती घेतली आहे: काळ्या, वाळूसारख्या खरखरीत कागदावर उठावाच्या छपाईतील चंद्रकोरींच्या रांगा आणि प्रत्येक कोरीच्या कुशीत एकच हिरवा ठिपका. सगळ्या कोरींची पाठ एकाच दिशेला आहे, कारण बेटावरचा वारा प्रामुख्याने ईशान्येकडून येतो. इतकी बारीक जाण लेबलांत क्वचितच आढळते.

बाटलीच्या निवडीत मात्र ही जाण टिकलेली नाही. गडद काच वाईनला उजेडापासून जपते, त्यामुळे रंगाबद्दल तक्रार नाही; पण रिकामी बाटली तराजूवर ८०० ग्रॅमच्या वर भरली, आणि साधारण ५०० ग्रॅमची बाटली हेच काम चोख करते. थेंबथेंब ओलावा जपणाऱ्या शेतीची ओळख सांगताना काचेची अशी उधळण खटकते. शिवाय पांढरी वाईन थंड करूनच दिली जाणार, हे ठाऊक असूनही ओलावा सोसणारा कागद वापरलेला नाही: बर्फाच्या बादलीत अर्ध्या तासात लेबलाच्या कडा सुटल्या. मागच्या लेबलावर खळग्यांची हकिकत काळ्यावर करड्या, बारीक अक्षरांत छापली आहे आणि ती भिंगाशिवाय वाचता येत नाही. पुठ्ठ्याची पेटी साधी आणि नेटकी आहे.

पुढच्या हंगामात काच हलकी, कागद टिकाऊ आणि मागची अक्षरे ठळक करावीत. समोरच्या लेबलावरील एकाही रेषेला हात लावू नये.